मेणकापडातली पुस्तकं

अण्णा, आज माळ्यावरून तुमची पत्र्याची ट्रंक खाली काढली. पालीच्या एकाने आपल्या वर्कशॉपमधलंच जुनं बोटीचं इंजिन कुठूनतरी मिळवलंय, त्याला त्याचं माहितीपुस्तक हवं होतं. झाकण उघडलं, डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच. आत मेणकापडात बांधलेले तेच गठ्ठे, सगळे एकसारखे, एकावरही काही खूण नाही. दुपारचं जेवण गार झालं तरी मी सुतळ्याच सोडत बसलो होतो. सून विचारत होती, बाबा, चिडलात कोणावर? काय सांगू तिला? तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्याशीच भांडतोय.

ऐंशीच्या दशकातलं ते बंदरावरचं वर्कशॉप. तुम्ही फोरमन, आणि मी आयटीआय करून तुमच्याच हाताखाली. पाऊस लागला की बोटी वर ओढून त्यांच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप घालायचे, आणि मग आमचं खरं काम सुरू व्हायचं. पंपवाले, गिअरवाले, वेल्डर, सगळ्यांच्या टेबलावर एकेक इंजिन उघडं पडलेलं, आणि नारळी पौर्णिमेला ती सगळी बोटीत हवीत. नेमक्या त्याच दिवसांत तुमची पुस्तकं माळ्यावर! मे महिन्यात घरी आई पावसाळ्याची बेगमी करायला लागली की इकडे तुम्ही तुमची करायचात. एकेका इंजिनाचं पुस्तक मेणकापडात गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं आणि ट्रंकेत घालायचं. जांभ्याच्या भिंतींना पाझर, वाळवी तर पाचवीला पुजलेली, हे सगळं मान्य. पण वर्षभर ज्यांना कोणी हात लावत नसे ती पुस्तकं टेबलावर, आणि लागायची तेव्हा बंद. कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "माका विचार ना."

एका वर्षी विचारायला तुम्ही नव्हतात. आत्याच्या घरी बाराव्याला हेदवीला गेलात आणि पावसाने खाडीतली होडी बंद झाली. मामाच्या बोटीचं इंजिन माझ्या टेबलावर, पंपातून डिझेल कधी सुटायचं ते टायमिंग बसेना. मामा रोज दारात येऊन उभा राहायचा. "भाच्या, सगळ्यांच्या बोटी जातील, माजी काय झापाखालीच ऱ्हायाची?" शेवटी आम्ही ट्रंक उतरवली. पहिला गठ्ठा सोडला तर दुसऱ्याच कंपनीचं इंजिन, पुढचाही तसाच. वर पत्रा गळत होता, एक पुस्तक भिजलं, तेव्हा पंपवाल्यांनी हात जोडले, आता आणखी सोडू नकोस म्हणून. अंदाजाने टायमिंग बसवलं. इंजिन सुरू झालं आणि काळ्या धुराने शेड भरून गेली.

पौर्णिमा झाली. बाकीच्या बोटी गेल्या, कोळंबी घेऊन परतही आल्या, तेव्हा तुम्ही आलात. मामा समोर उभा होता, त्याच्याकडे तुम्ही पाहिलंही नाहीत. आधी भिजलेलं पुस्तक उचललंत. "इंजिन काय, दुसरा मिळेल. पुस्तक भिजला तर कुठना आणशील?" सगळ्यांच्या देखत. मग ट्रंकेत हात घालून नेमका हवा तो गठ्ठा काढलात. प्रत्येकाची गाठ म्हणे वेगळी होती! ती तुम्हाला ओळखू येत होती, आम्हाला सगळ्या सारख्याच. मामाने गणपतीपर्यंत आपल्या घरात पाऊल टाकलं नाही. आई तुमच्याशी बोलायची, पण पाठ करून.

त्याच दिवसांत मी आईच्या मागे स्वयंपाकघरात उभा होतो. दिवे गेलेले. फळीवर डालड्याचे सारखेच डबे, आणि ती हात फिरवून बरोबर सोड्यांचा डबा काढते. प्रत्येक डब्याच्या कडीला चिंधी, चिंधीत चिमूटभर आतला जिन्नस: जवळा, सोडे, आमसूल. मी विचारलं तर म्हणाली, "झाकण उघडून बघत बसला तर सगळा सर्द व्हईल. आत काय हाय ता बाहेरना कळाय हवा." मी तिथेच कपाळावर हात मारला.

पुढच्या मे महिन्यात तुमचे गठ्ठे बांधून झाल्यावर मी प्रत्येकाच्या सुतळीला त्या त्या इंजिनाचा जुना भाग बांधला. कुठे पिस्टनच्या रिंगचा तुकडा, कुठे व्हॉल्व्हची स्प्रिंग. मेणकापडावर शाई टिकत नव्हती, आणि आमच्यातल्या निम्म्यांना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं, पण स्प्रिंग कुठल्या इंजिनाची हे अंधारातही कोणी सांगितलं असतं. केवढा खूश होतो मी! दुसऱ्या दिवशी सगळे भाग भंगाराच्या डब्यात. ज्या घडीच्या चाकूने ते कापून काढलेत, त्यानेच तुम्ही टेबलापाशी बसून आंबा कापत होतात. "लोखंडाक गंज लागतो. गंजान मेणकापड फाटता, मग पाणी आत." मी म्हटलं, ग्रीस लावतो. तर म्हणे, "ग्रीस कागदाक लागेल." मी परत बांधले, तुम्ही परत कापलेत. तुम्ही रिटायर होईपर्यंत दर वर्षी हेच, आणि त्यावर आपण घरी कधी एक शब्द बोललो नाही. तुम्ही रिटायर झाल्यावर मात्र मीही परत काही बांधलं नाही. राग कापण्याचा नाही एवढा. चार पोरं ताटकळत उभी आहेत, एकाची बोट अडलीय, आणि तुमचा जीव मेणकापडात! माझ्या कामावर तुमचा विश्वास नाही असंच मी तेव्हा धरून बसलो होतो. अजूनही पुरतं सुटलेलं नाही.

वर्कशॉप बंद झालं तेव्हा ट्रंक कोणी नेईना, म्हणून ती आपल्या घरी आली. पालीवाल्याचं पुस्तक शेवटच्या गठ्ठ्यात सापडलं. पान न् पान कोरडं. तो तर हरखून गेला, मी मात्र दमलो होतो.

हे पत्र टाकणार कुठे? ट्रंकेतच ठेवतोय, मेणकापडात गुंडाळून. बाहेर काय बांधलं म्हणजे हे तुमचं आहे ते कळेल, हे ठरवण्यात बराच वेळ गेला. शेवटी तळाशी तुमचा तो घडीचा चाकू सापडला, तोच बांधला. बांधण्याआधी त्याला तेल लावलं आणि फडक्यात गुंडाळला. गंज लागतो, अण्णा. तेवढं तुमचं बरोबर होतं.