कोणी उठायचं नाही

प्रिय अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात सलग आठ दिवस तरी कुठे बाहेरगावी राहिलात तुम्ही? आज लिहितेय, कारण परवा रविवारी 'आइए, बैठिए'चा शेवटचा भाग लागला. तुमचा कार्यक्रम संपला. बघायला तुम्ही नव्हतात, आणि त्यात मी होते! मी, टीव्हीत! हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार?

सुरुवातीपासून सांगते. मागच्या महिन्यात शाहीन आली. तुमची डायरेक्टर, तुमच्या डब्यातली पोळी न विचारता उचलणारी. दारातच म्हणाली, "भाभी, शो बंद हो गया." मला वाटलं, त्या दिवसापुरता. मग ती आत येऊन तुमच्या खुर्चीत बसली, तेव्हा कळलं. वरच्या साहेबांचं म्हणणं असं की दर आठवड्याला भोपाळच्या एका घरात जायचं आणि तिथली माणसं काय सांगतात ते अर्धा तास ऐकायचं, एवढी सवड आता कोणाला नाही. लोक फोनवर एवढं एवढंसं बघतात. एकच भाग करायचा राहिलाय.

"आख़िरी वाला दादा पर करना है. आपके घर में."

मी सरळ नाही म्हटलं. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, कॅमेऱ्यासमोर काय बोलणार?

"ऊपर वालों को इमोशनल एपिसोड चाहिए," ती म्हणाली. लपवलं नाही तिने.

"मग एखादी नटी आण. सांगितलं की रडते."

"आप बस ऐसे ही डाँटती रहिए भाभी. वही चलेगा."

हसले मी. वर्षभरात त्या खुर्चीसमोर बसून पहिल्यांदा हसले असेन. तरी हो नाही म्हटलं.

खरं सांगू? तुमच्यावर राग होता माझा. सबंध शहराचे आवाज गोळा केलेत तुम्ही. कोणाची आजी, कोणाचा पोपट, कोणाच्या अंगणातला हापसा. एकोणीस वर्षं कानाला हेडफोन आणि हातात त्या लांब दांडीचा माईक. आणि तुमचा स्वतःचा आवाज? कुठेही नाही! मुग्धाने विचारलं होतं, "आई, बाबांचं काही रेकॉर्डिंग आहे का गं तुझ्या फोनमध्ये?" मी सगळा फोन धुंडाळला. तुमचे मेसेज होते. 'हो.' 'पोचलो.' 'दूध घेतलं.' व्हॉइस मेसेज पाठवायला सांगितलं की म्हणायचात, फोनचा माईक फार वाईट असतो. वाईट तर वाईट, पण एखादा तरी पाठवायचा होता ना! लेक इंदूरला बसून बापाचा आवाज आठवायचा प्रयत्न करते. मला म्हणाली, "आई, मला आता नीट आठवत नाही." आणि गप्प झाली. फोनवर कोणी गप्प झालं की मला सहन होत नाही. मी म्हटलं, "बरं, ठेवते मग."

हे तुम्हाला माहीत आहे. मी अशीच आहे.

चार दिवसांनी शाहीन परत आली, लॅपटॉप घेऊन. म्हणाली, कार्यक्रम बंद म्हणून जुनं सगळं पुसायला काढलंय, त्याआधी ती आणि एडिटर बसून ऐकत होते. भाग तयार करताना कापून टाकलेले तुकडे. "सुनिए," म्हणाली आणि बटण दाबलं.

तुम्ही बोललात.

"आनंद नगर, पीछे का कमरा. पंखा बंद, फ्रिज बंद. सब लोग जहाँ हैं, वहीं रहें. एक मिनट की ख़ामोशी. कोई उठेगा नहीं."

मग काहीच नाही. मिनिटभर कोणाच्या तरी घरातली शांतता. मग दुसरं घर, मग तिसरं. प्रत्येक घराचं नाव, खोलीचं नाव, आणि शेवटी तेच, तुमच्या त्या शांत, थोड्या नाकातल्या आवाजात, "कोई उठेगा नहीं." शंभरावर घरं असतील. माझ्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी होती. तिची पाच-सहा पानंसुद्धा निवडून झाली नाहीत.

हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत. नुसत्या शांततेचं रेकॉर्डिंग कशाला करतात, हेही मला शाहीनने सांगितलं. दोन वाक्यं जोडताना मध्ये त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर कानाला ठिगळ जाणवतं. मी विचारलं, "पण कोणी उठायचं का नाही? काम झालेली माणसं जाईनात का बाहेर."

"दादा कहते थे, एक आदमी भी बाहर गया तो कमरे की आवाज़ बदल जाती है. जो था, वो फिर नहीं मिलता."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. का, ते पुढे सांगते. बाहेर येऊन म्हटलं, "करते. पण एक अट. शेवटी ते मिनिट दाखवायचं. पूर्ण. वर गाणं नको, बाजा नको."

शाहीनने डोक्याला हात लावला. "भाभी, साहब कहेंगे, लोग समझेंगे टीवी ख़राब हो गया."

"समझने दो," मी म्हटलं. तुमच्यासारखंच म्हटलं बहुतेक, कारण ती एकदम खाली बघायला लागली.

शूटिंगच्या दिवशी बाग सेवनियातल्या आपल्या दोन खोल्यांत सातजण! वायरींवरून पाय टाकत चालायचं. तुमच्या जागी आलेला साउंडवाला तुमच्याच वयाचा, फार अदबीचा. त्याने फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली आत ठेवली, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. मी बघत राहिले. म्हणाला, "दादा का सिखाया हुआ है. चाबी अंदर रखो तो फ्रिज चालू किए बिना घर से निकल नहीं सकते." आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले की आमचे हे विसरभोळे, किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात! एकदा भाजीवाल्यासमोर तुमची चेष्टासुद्धा केली होती. परक्या घरातलं दूध नासू नये म्हणून करत होतात. सांगायला काय झालं होतं?

मग मी बोलले. काय बोलले, नीट आठवत नाही. मराठी समाजाच्या लायब्ररीचं सांगितलं. दर शनिवारी तुम्ही न बघता दोन पुस्तकं उचलून आणायचात, कधी कादंबरी, कधी विमानाच्या इंजिनाचं पुस्तक, आणि मी तेही वाचलं, कारण परत शनिवारपर्यंत दुसरं काही नव्हतं. सगळे हसले. तुम्हाला चहात आलं चालायचं, वेलची नाही, हेही सांगितलं. असलं कोणाला ऐकायचं असतं? पण शाहीन थांबवत नव्हती.

रडले नाही. साहेबांना हवं होतं तरी नाही.

शेवटी शाहीनने कॅमेरा बंद करायला लावला. माझ्याजवळ येऊन बसली. "भाभी, एक चीज़ और मिली है. आपके घर की. पहले आप अकेली सुन लीजिए. आप कहेंगी तो डालेंगे, नहीं तो नहीं." तिने हेडफोन माझ्या कानावर चढवले. तुमचेच होते ते. डाव्या बाजूला चिकटपट्टी लावलेले.

नवीन मशीन आलं होतं तेव्हा घरी आणून तपासलं होतंत, आठवतं? मला नव्हतं आठवत.

"बाग सेवनिया, अपना घर. नलू, एक मिनिट बस. उठू नकोस."

थोडी शांतता. लांब कुठेतरी कबुतर. मग कुकरची शिट्टी. मग माझ्या चपलांचा आवाज, सटक सटक, स्वयंपाकघराकडे. आणि तुमचा आवाज, हसू दाबलेला. "गेलीच."

पुढचं पाऊण मिनिट तुम्ही एकटेच बसलेले आहात. कोणी नाही खोलीत. तरी मशीन बंद केलं नाहीत. पूर्ण केलंत.

मी शाहीनला म्हटलं, घाल. त्या भागातलं हे सगळं लोकांनी ऐकलं. पण आता जे लिहितेय ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही, मुग्धालाही नाही. ते सांगायलाच हे पत्र.

साकेत नगरच्या हॉस्पिटलात तुम्हाला भरती केलं, त्याचा सहावा दिवस. दुपार होती. मी बोलत होते, नेहमीसारखी. वरच्या मिश्राजींच्या गच्चीची गळती, मुग्धाचं तिकीट, डब्यातली खिचडी. बोलणं थांबलं की मला भीती वाटायची, म्हणून थांबत नव्हते. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "नलू, जरा गप्प बस ना. एक मिनिट."

मला लागलं ते. आत खोल लागलं. सहा दिवस पाय चेपतेय, औषधं आणतेय, आणि आता माझं बोलणंही नको झालं? मी म्हटलं, "बरं. पाणी भरून आणते." आणि बाटली घेऊन खाली गेले. नळावर रांग नव्हती. तरी मी जिन्याशी उभी राहिले, मुद्दाम, रुसून. पंधरा मिनिटं असतील. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

वर्षभर मला हेच वाटत राहिलं, की शेवटी तुम्हाला माझा कंटाळा आला होता.

तुम्ही मला जायला सांगितलं नव्हतं. बसायला सांगत होतात. ना? खोलीत मी असतानाची शांतता हवी होती तुम्हाला. एकोणीस वर्षं परक्या माणसांना तुम्ही ते समजावून सांगितलंत, मला एकदा तरी सांगायचं होतं! मी बसले असते. खरंच बसले असते का? माहीत नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हासुद्धा बसले नव्हते.

किती वेळा मनात त्या जिन्यावरून वर आलेय. प्रत्येक वेळी पडदा ओढलेलाच असतो.

रविवारी सकाळी साडेअकराला भाग लागला. शेवटी आपली खोली दिसली, तुमची खुर्ची, शेजारी मी. तुमचं "उठू नकोस" ऐकू आलं, शिट्टी, चपला, "गेलीच" आणि मग पुढचं पाऊण मिनिट काही नाही. मी मात्र तिथेच बसलेली. पडद्याच्या खालून पट्टी गेली, 'आपका टीवी ठीक है.' साहेबांनी तेवढ्यावर मानलं म्हणे. तरी वरचे मिश्राजी रिमोटच्या बॅटऱ्या बदलत होते! भाग संपल्या संपल्या टाइल्सची जाहिरात लागली, केवढ्या मोठ्याने. बस. तुमची एकोणीस वर्षं संपली.

शाहीनला अजून दुसरं काम मिळालेलं नाही. तुमचे सगळे तुकडे तिने पुसण्याआधी माझ्यासाठी उतरवून घेतले. मी रोज एकच घर ऐकते. जास्त नाही. संपले तर काय करू?

जाहिरात चालू असतानाच मुग्धाचा फोन आला. "आई," म्हणाली आणि गप्प झाली. मी सवयीने म्हणणारच होते, बरं, ठेवते मग. तोंडात आलं होतं. गिळलं. फोन कानाला धरून तुमच्या खुर्चीसमोर बसून राहिले. तिकडे तिचा श्वास येत होता, मागे पंखा चालू होता, तिच्या इमारतीखालून कोणी भाजीवाला ओरडत गेला. मीही बोलले नाही. किती वेळ ते बघितलं नाही. मग तीच म्हणाली, "आई, आहेस ना?" मी म्हटलं, "आहे गं."

तुम्हाला जे दिलं नाही, ते आता देता येत नाही. पण वचन देते. कोणी माझ्याजवळ गप्प झालं, तर मी पाणी आणायला जाणार नाही. कुकरची शिट्टी झाली तर होऊ दे. खिचडी लागली तर लागू दे.

उठणार नाही.

तुमची,
बसलेली,
नलू