गुरुवारच्या सत्राचे नवे नाव

मंगळवार, १२ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझा खोकला कसा आहे? वाफ घेतेस का, की नुसतीच "हो हो" म्हणतेस?

विभागात नव्याचे नऊ दिवस चालले आहेत. एकोणतीस वर्षे दर गुरुवारी चार वाजता भरणारे माझे "श्रमेतिहास चर्चासत्र" आता "हातांचं काम" झाले आहे. कल्पना नव्या विभागप्रमुखबाईंची. म्हणजे चिमणीची, माझ्या जुन्या विद्यार्थिनीची, तू ओळखतेस.

"मॅडम, जुनं नाव वाचून लोक खालूनच परत जातात हो."

"ज्यांना यायचं ते येतात."

"सहाजण, मॅडम. त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला."

मी विरोधात मत दिले. एकटीने.

नाव बदलल्यावर पहिल्याच गुरुवारी शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणाव्या लागल्या. दोन नर्सबाई, छापखान्यात खिळे जुळवणारे एक निवृत्त जुळारी, एक सुतार. आणि शेवटच्या रांगेत तू. मी तुला बोलावले नव्हते. "पाटी वाचली, म्हटलं हे आपलं दिसतंय," असे तू हसत म्हणालीस. एकोणतीस वर्षे मी काय करते हे तू कधी विचारले नाहीस, आणि एका पाटीवर आलीस!

त्या दिवशी मी माझ्याच पुस्तकातले प्रकरण वाचले. शिलाई कारखान्यांत दर पाळीत वीस मिनिटे दोरा तुटण्यात जात. जुन्या नोंदवह्या चाळून मी निष्कर्ष काढला होता की दोरा निकृष्ट होता. तुझा आवाज आला, "दोरा चांगला होता गं. आम्हीच तोडायचो. पाठ सरळ करायला दुसरा उपाय नव्हता."

खोली हसली. चिमणी म्हणाली, "मावशी, पुढच्या महिन्यात तुम्हीच बोला."

चहाच्या वेळी सगळे तुझ्याभोवती. मी कागद आवरत होते. जुळाऱ्यांनी जवळ येऊन विचारले, "आपण त्यांच्या बहीण का?" त्या खोलीत मला असे कोणी कधी विचारले नव्हते.

ताई, तू कारखान्यात जायचीस त्याच वर्षांत, आपल्या घरी, तुझ्या घरच्या मशीनच्या बाजूच्या टेबलावर मी ते पुस्तक लिहिले. मान वर करून विचारले असते तर उत्तर दोन हातांवर होते. पण तुला विचारावे असे मला वाटलेच नाही. संदर्भ म्हणजे कपाटातला, असे मी धरून चालले होते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते.

परवा तू फोनवर म्हणालीस, "मला नाही जमायचं. तूच बोल, तुला सवय आहे." मी "बरं" म्हटले आणि फोन ठेवून चांगला कपभर चहा करून प्याले. बरे वाटले, ताई. खोटे कशाला सांगू.

तुझा नकार माझ्या चिठ्ठीमुळे आला. निबंध आठ दिवस आधी लिहून द्यावा, तळटीपांसह, असे मी कळवले होते. नियम खरा आहे, माझाच आहे. पण चिमणीने तुझ्यासाठी तो काढून टाकला होता. "मावशींना सांगा, नुसत्या या आणि बोला," असे ती मला म्हणाली होती. ते मी कळवले नाही. सातवीतून तू मशीनवर बसलीस हे मला माहीत होते. म्हणूनच "तळटीपा" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

काल चिमणीच्या खोलीत जाऊन तिला सगळे सांगितले.  ती म्हणाली, "मला काय सांगता, मॅडम? त्यांना सांगा." भिंतीवरचे तुझ्या भाषणाचे पत्रक तिने काढलेले नाही. शुक्रवारपर्यंत ठेवते म्हणाली.

माफ कर असे लिहून तीनदा खोडले. तुला कागदावरची माफी नको असेल, आणि मला तोंडावर मागता येईल की नाही, कोण जाणे. मी अजून जळते आहे. तू बोलशील तेव्हाही जळेन, कदाचित जास्तच. तरीही ये. नाही आलीस, तर त्या खोलीत माझे चुकीचे प्रकरणच खरे राहील.

शुक्रवारच्या आत चिमणीला कळव. मला नको, थेट तिलाच. मधला निरोप माझ्याकडे देऊ नकोस.

तुझी,
विश्वास ठेवू नये अशी
धाकटी