नितेशच्या वाटणीचं खळं

प्रिय नितेश,

फोन असताना बायने पत्र काय धाडलं, म्हणून हसशील. हस. तुझे भावोजीही हसले. मी पेन मागितलं तर म्हणतात, बोंबलांना आवतण धाडतेस काय! इथे गोराईत आम्ही मजेत आहोत. साकीनाक्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत तू यंदाचा उन्हाळा कसा काढलास, ते मात्र विचारवत नाही. वर्कशॉपात भट्टी आणि घरीही भट्टी.

आनंदाची बातमी अशी की यंदा उधाणाचं पाणी उंबऱ्यापाशीच थांबलं, चुलीपर्यंत आलं नाही. मागे गावाने वर्गणी काढून खाडीकडे भिंत घातली होती, आठवतं ना? नारळ तूच फोडलास. मग भरती भिंतीवरून आत आली आणि ओहोटीला बाहेर जायला तिला वाटच नव्हती. खाडी गेली परत, पाणी राहिलं आमच्याकडे मुक्कामाला. आपण पिढ्यानपिढ्या खाडीवर जगणारी माणसं, आणि ओहोटीलाच विसरलो! शेवटी आपल्याच हातांनी भिंत फोडली.

त्यानंतर मी मासळी वाळवायच्या खळ्यातल्या माझ्या वाटणीवर तिवराची, सरकारी भाषेत खारफुटीची, रोपं लावली. तुला फोनवर नुसतं झाडं लावली म्हणून सांगितलं होतं. पहिली रोपं बकऱ्यांनी फस्त केली. मग भावोजींची फाटकी जाळी कुंपणाला बांधली, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता तिवरं कमरेएवढी झालीत. लाट तिथेच मोडते, चिखलात निवट्यांची मासळी उड्या मारते, आणि परवा तिथल्याच चिंबोऱ्यांचं कालवण केलं तेव्हा भावोजींचा राग गेला. वनखात्याची बाई सांगत होती की ही झाडं हवेतला धूर ओढून मुळांखाली गाडून ठेवतात, त्याने जग तापायचं थोडं हळू होतं. एवढ्याशा खळ्याने जगाचं काय होणार, असं मला वाटलं. पण ते ऐकून पलीकडच्या पार्वतीकाकूने तिचं खळं दिलं, मग लवूने दिलं. आता अख्खा काठ हिरवा दिसतो, मधला एक तुकडा सोडून.

तो तुकडा कुणाचा, ते तुला ठाऊक आहे. बाबांनी तिवरं तोडूनच ते खळं केलं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मासळीच इतकी यायची की वाळवायला जागा पुरायची नाही. तुझ्या जन्मानंतर म्हणाले, अर्धं रुक्मिणीचं, अर्ध्यावर नितेशचं घर. आता बोंबील कमी आणि पाऊस त्याला वाटेल तेव्हा येतो, त्यामुळे वाळवायला कुणी जात नाही. पण तू येतोस तेव्हा तिथे उभा राहून दार कुठे, खिडकी कुठे ते दाखवतोस. मी हो हो म्हणते आणि मला रात्री जेवण जात नाही.

कारण पाणी आता तिथूनच आत येतं रे. आणि एकदा तिवर रुजलं की तिथे वीटसुद्धा लावता येत नाही, कायदाच तसा आहे. म्हणजे तुझं घर गेलं ते गेलंच.

मला ते खळं तिवरांसाठी हवंय. फोनवर मागितलं असतं तर मी वाक्य पुरं करायच्या आत तू घे म्हणाला असतास, आई गेल्यापासून तू मला कशालाच नाही म्हणत नाहीस. आणि नारळी पौर्णिमेला राखी बांधून, ओवाळून मागितलं असतं, तर ताटासमोर कुठला भाऊ नाही म्हणतो? तसं मला नकोय. म्हणून पौर्णिमेच्या आधीच हे पत्र टाकतेय. नीट विचार कर. नाही म्हणालास तरी राखी तीच, आणि नारळीभातही तोच. आमच्या घरावर माळा चढवलाय, खिडकी खाडीकडे ठेवलीय, तू दाखवायचास तशीच. तो माळा तुझा आहे, तू हो म्हण की नाही म्हण.

तुझीच,
रुक्मिणीबाय