किल्लीचा पहिला फेरा

प्रिय ताई,

आगीचा आवाज मी चुरगळलेल्या चकचकीत कागदाचा करतो. बर्फावरची पावलं मक्याच्या पिठाची. ते भरायची पिशवी चामड्याची हवी, कापडी चालत नाही. उडणारा थवा म्हणजे दोन जुने हातमोजे. मोडणारं हाड म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाजर. घोडा करवंट्यांनी मी जन्मात केला नाही, ते हौशी लोकांचं काम. माझा घोडा वाळूच्या पेटीत चालतो आणि थकला की थकल्यासारखा वाजतो. सात तऱ्हांची कुलपं एकाच फळीवर बसवलेलं दार मी स्वतः बांधलं, बिजागऱ्या घासण्यापासून. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. तू कुठूनसा मोडका रेडिओ आणून दिलास, तो उघडला, तीच शाळा आणि तेच कॉलेज. तू खुडबुड्या नाव ठेवलंस ते अजून लागू आहे, फक्त आता सिनेमावाले त्या खुडबुडीचे पैसे देतात. इतक्या वर्षांत माझा एकच आवाज परत आला, आणि त्यातही चूक त्यांचीच होती.

ही यादी बढाई मारायला दिलेली नाही. बरं, थोडी बढाई आहेच, तू ओळखतेस मला. पण पुढे जे सांगणार आहे ते सगळं कानाचं आहे, आणि निदान या एका बाबतीत तू मला धाकटा समजून उडवून लावू नयेस. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू हो रे, हो रे म्हणत राहतेस आणि तुझ्या दुसऱ्या कानात काय चाललंय ते मला ऐकू येतं.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीने खिडकीत टोमॅटो लावलेत आणि त्यांच्याशी माझ्याहून जास्त बोलते. माझा गुडघा कुरकुरतो, इतका सुरेख, की परवा एका सिनेमातल्या म्हातारीच्या आरामखुर्चीला मी त्याचाच आवाज दिला. तेवढं वगळता दोन महिन्यांपूर्वी तुझ्याकडे राहून आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. तू दार उघडलंस, ये रे म्हणालीस, आणि तुझं ते ‘ये रे’ भिंतीवर आपटून परत आलं. आपल्या घरात ते कधी परत येत नसे. आईचं मोठं कपाट, जमिनीवरचा गालिचा, कोपऱ्यातला कापडी सोफा, ही तिघं मिळून सगळे आवाज पिऊन टाकायची. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधीच मला कळलं, की यातलं काहीतरी गेलंय. तिन्ही गेली होती. कपाट पॉलिशला दिलंय म्हणालीस, गालिचा धुवायला, आणि सोफ्यात ढेकूण झाले होते. मी मान डोलावली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जिने उभं आयुष्य एका कानावर हेडफोन लावून काढलं, पलीकडचा माणूस खोटं बोलतोय हे जिला त्याच्या नुसत्या श्वासावरून कळायचं, ती माझी ताई माझ्याशी खोटं बोलत होती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

दुपारी जेवणं झाली की तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचीस. फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला, उजव्या कानात इअरफोन, वरून केस ओढून घेतलेले. पत्ते खेळते रे, डोकं गंजायला नको, म्हणालीस. पडद्यावर एक हिरवा पोपट. तो डोळा मिचकावून काहीतरी म्हणायचा आणि तू हसायचीस. ताई, दार उघडल्यावर मला बघून तू तशी हसली नव्हतीस. पत्ते संपले की पडद्यावरचं फिरतं चाक, चाक संपलं की पुन्हा पत्ते. गॅसवरचं दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास झाला, तरी तुझी मान वर झाली नाही. मी गॅस बंद केला, पातेलं घासून पालथं घातलं, तुला पत्ता नाही. मी परत आल्यावर आठवड्याने तू फोनवर मध्येच विचारलंस, घराच्या कागदांवर तुझीही सही लागेल का रे, सहजच विचारतेय. सहज विचारणारा माणूस आधी आवंढा गिळत नाही.

मग मीही तो पोपट माझ्या फोनवर उतरवून घेतला. म्हटलं, खेळायचं नाही, नुसतं ऐकायचं. आता तुला रागावण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही, कारण मी खेळलो, दुपारमागून दुपार खेळलो. काय कारागिरी आहे म्हणून सांगू! एकही आवाज दुसऱ्याशी भांडत नाही, सगळे एकाच सुरात लावलेले. चाक फिरतं तेव्हा तळाशी कुठेतरी हृदयाचा ठोका आहे, इतका हलका की माझ्यासारख्यालाच सापडावा, आणि चाक मंद होतं तसा तो जलद होत जातो. दहा रुपये लावले आणि चार परत आले, तरी तुतारी वाजते, नाणी खळखळतात. सहा गेले, आणि मिरवणूक निघते! नाणीसुद्धा खरी नाहीत, ते स्टीलच्या डब्यात सोडलेले वॉशर आहेत. खरी नाणी इतकी गोड वाजत नाहीत. हे सगळं मला कळत होतं आणि बोट थांबत नव्हतं. उलट वाटायचं, मला तर यातली मेख कळलीय, मी कसा फसेन? एके दिवशी तुझ्या भावजयीने चहाचा कप समोर आपटला, अहो, घसा फुटेस्तोवर हाका मारतेय, बहिरे झालात का? बहिरा, मी! तिथल्या तिथे तो खेळ काढून टाकला. किती घालवले ते तिला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

वाटलं, सुटलो. तर आठ दिवसांत त्यांचाच फोन आला, पोपटवाल्यांचा. म्हणे, आवाजाचं एक नाजूक काम आहे आणि सगळे तुमचंच नाव घेतात. मी गेलो. नाही म्हणायला गेलो होतो असं सांगितलं असतं, पण तुझ्यापुढे कशाला? नाव घेतात म्हटल्यावर गेलो. काचेची इमारत, आत पाय टाकला की आवाज मरून जावा असे गालिचे. समोरची बाई माझ्याहून थोडी लहान, आदबशीर, मला बघून उठून उभी राहिली. माझे सिनेमे तिला नावानिशी पाठ. मी फुशारलो. मग ती म्हणाली, तुताऱ्या आणि नाणी तरुण पोरांना पुरतात हो, आम्हाला आमच्या दुपारच्या मावश्यांसाठी काहीतरी हवंय. मी विचारलं, कोण मावश्या? ती हसली. ऑफिसात तसं नाव पडलंय म्हणाली. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, जेवून झालं की टेबलाशी फोन घेऊन बसणाऱ्या बायका. फार गोड असतात, पोपटाशी बोलतात. पण लागोपाठ हरल्या की उठून भांडी घासायला जातात, आणि एकदा उठल्या की काही जणी परत येतच नाहीत. त्या उठायच्या आत एक आवाज हवा. खेळातला नको, घरातला हवा. कुणीतरी आल्यासारखा.

हे ती ज्या सुरात सांगत होती ना, तो सूर मायेचा होता. तेच मला सहन होईना. त्या बाईने तुला कधी पाहिलेलं नाही, तुझं नाव तिच्या गावीही नाही, आणि तरी तिला तुझी मिठाची बरणीसुद्धा माहीत असावी असं मला वाटलं.

आणि खरी भीती पुढेच आहे. तिला हवा असलेला आवाज मला तिथे बसल्याबसल्या ऐकू आला. आईच्या किल्ल्या! हॉस्पिटलातल्या चादरींच्या कोठीचा तो भलामोठा जुडगा, आणि त्यातच आपल्या घराची किल्ली. आठवतं? ती जिना चढून यायची. पिशवीतून जुडगा निघताना आधी दबका, मग मोकळा. मग एकच किल्ली वेगळी काढल्याची टिचकी. मग कुलपात पहिला फेरा, तो नेहमी अडखळायचा, आणि दुसरा, सैल सुटणारा. पहिल्या फेऱ्याला तुझी मान वर व्हायची आणि तू म्हणायचीस, आली. दुसऱ्या फेऱ्याला मी दाराशी. आणि ती संध्याकाळ, जेव्हा आई कामावरच कोसळली आणि आपल्याला कळवायला अजून कुणी आलं नव्हतं. जिन्यात ज्याच्या त्याच्या घराच्या किल्ल्या वाजत होत्या आणि दर वेळी तुझी मान वर होत होती. हळूहळू तू ‘आली’ म्हणायचं थांबलीस. मान मात्र थांबली नाही.

विचार करून सांगतो म्हणून मी घरी आलो. करायचं नाही, पण जमतं का ते तर बघू, हा कारागिराचा माज असतो, आणि तो माझ्यात भरपूर आहे. फळीवरचं चौथं कुलूप आपल्या दाराच्या जातीचं. जुन्या किल्ल्या घेतल्या, कापडी पिशवी घेतली. बाईची एक अट होती. कुलूप उघडायचं नाही. पहिल्या फेऱ्यावर थांबायचं, म्हणजे मावशी वाट बघत बसून राहील. रेकॉर्डिंग चालू करून पहिला फेरा केला, थांबलो. जमलं आहे की नाही ते तपासायला एकदा मोठ्याने वाजवलं. आतून तुझी भावजय ओरडली, आले, आले, थांबा! आणि ओले हात पदराला पुसत धावत जाऊन तिने आमचं दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. तिने उंबऱ्यात उभं राहून वरच्या मजल्याकडे बघितलं, खालच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, कुणीतरी होतं हो, मी स्वतः ऐकलं. तिचा चेहरा उतरला होता. आवाज उत्तम झाला की एरवी मी दिवसभर शीळ घालत हिंडतो. त्या दुपारी माझी पाचावर धारण बसली. तो आवाज मी पुसून टाकला, त्याच्या सगळ्या नकला शोधून पुसल्या, आणि बाईला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ती चिडली नाही, ताई. ती म्हणाली, काही हरकत नाही, आम्ही दुसरं कुणीतरी बघतो.

म्हणून हे पत्र. तो दुसरा कुणीतरी आत्ता कुठल्यातरी खोलीत बसून कुलपं आणि किल्ल्या वाजवत असेल. माझ्याइतकं त्याला साधणार नाही, पण भरल्या घरातल्या माझ्या बायकोला जे पुरलं ते तुझ्या रिकाम्या घरात नक्की पुरेल. एखाद्या दुपारी, हरल्यावर, उठावंसं वाटेल तेव्हा, तुझ्या उजव्या कानात किल्ल्या वाजतील. एक फेरा होईल. ताई, मान वर करू नकोस. कुणी आलेलं नसेल, आणि दुसरा फेरा कधी होणार नाही. मी शुक्रवारी येतोय, कुरकुरत्या गुडघ्यासकट, चार दिवसांसाठी नाही, तू हाकललंस तरी राहायला. मी किल्ली वाजवणार नाही, बेलही नाही. खालूनच ‘ताई’ म्हणून हाक मारीन, मग अख्खी इमारत उठून खिडकीत आली तरी चालेल. तोवर तो इअरफोन कानातून काढ आणि मिठाच्या बरणीत टाकून झाकण लाव. कपाटाचं मी विचारणार नाही. घराच्या कागदांवर सही करणार नाही, त्यावर तू कितीही रागाव. आणि काल त्या बाईचा परत फोन आला होता, आकडा वाढवून. तोही मी नाकारला. तुझ्या भावजयीच्या तोंडून अर्धवट कानावर पडण्याआधी माझ्याकडूनच पुरतं ऐक, म्हणजे तुझ्या एकदा मान वर करण्याची तिथे काय किंमत आहे ते तुला कळेल. जुडगा, टिचकी आणि पहिला फेरा, जेमतेम तीन सेकंदांचा आवाज: अठरा लाख.

तुझाच,
खुडबुड्या