दरीपलीकडची पिवळी ओढणी

प्रिय यामना,

तुला जाऊन चाळीस दिवस झाले, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. आपल्या घरांत वीस मिनिटांची वाट आणि मधे मोरोक्को-अल्जीरियाची बंद सीमा. तुझ्या मातीला यायची परवानगी मागितली, तर सीमाचौकीवरचा साहेब म्हणाला, "तिसऱ्या देशातून विमानानं जा, खाला." राज्याला निश्चित सीमा हवी, हे शाळेत नन्सनी माझ्याकडून घोकून घेतलं आणि शिक्षिका झाल्यावर मी तीस वर्षं मुलींकडून. लाज वाटते.

पलीकडच्या नातलगांना हात करायला लोक शुक्रवारी सीमेवरच्या दरीकाठी जमतात, तशी मीही सवयीनं गेले. पलीकडच्या गर्दीत तू नेहमीसारखी पिवळी ओढणी हलवत होतीस. मी चष्मा पुसून पाहिलं. पुढच्या शुक्रवारी तू दरीत उतरली होतीस. काल सीमेच्या काटेरी तारेच्या अलीकडे होतीस.

पहारेकरी जवळ आला. "खाला, ती पिवळ्या ओढणीतली बाई तुमची कोण?"

"का? कागद नाहीत तिच्याकडे?"

"मी आडवा उभा राहिलो," तो हळू आवाजात म्हणाला, "तरी ती थांबली नाही."

"बहीण आहे माझी. तुमच्या साहेबालाही हेच सांगा."

मी मागे न बघता घरी आले. आता जिन्यावर कुणीतरी थांबलंय. कडी काढली आहे, ये. इथे तुला कुणी काही विचारणार नाही.

तुझी थोरली,
बातूल