नऊ खुर्च्या आणि एक जाड काच

ती. स्व. आत्या हिस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच लिहिते आहे, पण वाकून केला असं समज.) तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, कारण तो बिचारा निमूट काम करतो, उगीच लाडावायला नको. इकडे आम्ही खुशाल. बाबांनी आशीर्वाद सांगितले आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. त्यांनी सांगितलेले नाहीत. त्यांनी स्वतः ठोकलेल्या फळीवर तू पाहुण्यांदेखत गोटी ठेवलीस आणि ती घरंगळत जाऊन चहाच्या कपात पडली, त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुम्हा भावंडांची टपालपेटी मीच. तुझं बोलणं त्यांना, त्यांचं तुला. दोघांचं निम्मं मी गाळते, म्हणून नातं टिकून आहे.

तर माझी नोकरी जाता जाता राहिली, ती हकीकत. आमच्या कारखान्यात यंदा वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी काचेची एक तबकडी ओतली आहे, जेवणाच्या टेबलाएवढी रुंद आणि वीतभर जाड. अशी काच भट्टीतच हळूहळू निववावी लागते. वरचा भाग गार आणि पोट गरम असं फार अंतर पडलं की ती तडकते. मागच्या वर्षीची मालकांनी घाईने दार उघडून तडकवली. तिचे तुकडे फाटकाजवळच्या फुलांच्या वाफ्याभोवती लावले आहेत, आणि मालक रोज तिथून मान वळवून जातात. म्हणून यंदा दार कधी उघडायचं हे गणिताने सांगायला मला नेमलं.

पद्धत तूच शिकवलेली. काचेचे मनातल्या मनात आडवे थर करायचे. प्रत्येक थराने ठराविक वेळाने वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याचं आत्ताचं तापमान बघायचं आणि त्यावरून आपलं पुढचं ठरवायचं. दूरचं बघायचं नाही, उद्याचं बघायचं नाही. (जिन्यातल्या बातमीसारखं, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, असं तू म्हणायचीस.) सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मला दुर्बुद्धी सुचली. आकडे अधिक बारीक दिसावेत, म्हणजे मालकांवर छाप पडावी, म्हणून मी थरांची जाडी निम्मी केली. जाडी निम्मी केली की दोन हिशेबांमधलं वेळेचं पाऊल पाव करायचं, हे तू मला शंभर वेळा लिहायला लावलं होतंस. मी साफ विसरले. पाऊल तेवढंच राहिलं. असं झालं की थर शेजाऱ्याकडे जरासा सरकण्याऐवजी उडी मारून पलीकडेच जातो, आणि पुढच्या खेपेला त्याहून मोठी उडी उलटीकडे. न्हाणीघरातल्या नळाशी आपण हेच करतो. पोळलं की एकदम गार, गारठलो की एकदम गरम. मी हिशेबाचं यंत्र सुरू करून चहाला गेले. परत येते तो मालक हातात छापील कागद घेऊन उभे. काचेच्या पोटात उणे चाळीस हजार अंश, आणि लगतच्या थरात अधिक एकेचाळीस हजार. मालकांनी शांतपणे विचारलं, काच गोठली म्हणायची की जळाली? ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी लगेच चूक सुधारली, शहाण्यासारखे आकडे आणले. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मालक म्हणाले, यंत्र नको, उद्या माझ्यासमोर हाताने करून दाखवा, नाहीतर शुक्रवारी मी दार उघडतो आणि तुम्ही घरी बसा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी मोठ्या दालनात नऊ खुर्च्या ओळीने मांडल्या. एका टोकाला भट्टीवाले मामा, ते म्हणजे काचेवरची हवा. दुसऱ्या टोकाला पहारेकरी, ते म्हणजे काचेखालची तापलेली वीट. (ते भूमिकेत इतके शिरले की नाकावरची माशीसुद्धा हाकलली नाही.) मधले सात जण काचेचे थर. प्रत्येकाच्या हातात पाटी. थर आणि पाऊल मी असे निवडले की नियम एकच उरावा: घंटा झाली, म्हणजे वेळेचं एक पाऊल पुढे पडलं, की दोन्ही शेजाऱ्यांच्या जुन्या आकड्यांची सरासरी आपल्या पाटीवर लिहायची. फळ्यावर उदाहरणही दिलं: एकीकडे ४४०, दुसरीकडे ४१०, तर तुमचे ४३०. घंटा मालकांनी स्वतःकडे घेतली.

वीस-एक घंटा झाल्या असतील. मी पाट्या बघत गेले आणि चौथ्या-पाचव्या खुर्चीपाशी थबकले. चौथीवर ४६०, पाचवीवर ५२०. शेजारच्या थरांत साठ अंशांचा फरक म्हणजे काच उभी तडकली! मालक मटकन खाली बसले. मग शेजारच्या खुर्चीतून कोणीतरी माझ्या कानात कुजबुजलं. चौथ्या खुर्चीत काच घासणारे काका होते आणि पाचव्या खुर्चीत पॅकिंगच्या ताई, आणि या दोघांचा एका खिडकीवरून तीन वर्षं अबोला होता. सगळ्या कारखान्याला माहीत होतं, मी सोडून. मी आपली उंचीप्रमाणे माणसं बसवली होती. एकमेकांच्या पाटीकडे मान वळवायची म्हणजे हार पत्करायची, म्हणून दोघंही शेजाऱ्याच्या जागी आपलाच आकडा धरत होते. उष्णता काकांपर्यंत पोचतच नव्हती. मी काकांना विचारलं, ताईंचा आकडा घेतला नाहीत? काका भिंतीकडे बघत म्हणाले, “कोणाच्या?”

मालक म्हणाले, जागा बदला. त्यावर वर्षातून दोनदा तोंड उघडणारे भट्टीवाले मामा बोलले, “खुर्च्या बदलाल हो. काचेतले थर शेजारी शेजारीच राहणार.”

मग ताईंनी स्वतःच्याच पाटीकडे बघत विचारलं, “तुमचे किती झाले?”

“चारशे साठ.” काकांनी पाटी जराशी ताईंकडे वळवली. “खिडकी उघडी ठेवलीत तरी चालेल.”

आत्या, एवढ्यासाठी तीन वर्षं! मला हसू आलं आणि का कोण जाणे, रडूही आलं. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. माझ्या यंत्राशी पाट्या जुळल्या, उत्तर आलं रविवार सकाळी दहा. नोकरी वाचली. मालकांचा यंत्रावर विश्वास बसला की नाही ठाऊक नाही, पण घंटा ते घरी घेऊन गेले.

आता पुरे करते. थोरांना नमस्कार, तुझ्या घरात तुझ्याहून थोर कोणी नाही, तेव्हा तो तुलाच.

तुझी लाडकी (कारण एकुलती) भाची

ता. क. रविवारी दार उघडताना घरची दोन माणसं आणायची मला परवानगी मिळाली आहे. खुर्च्या अजून तशाच आहेत. चौथी तुझी, पाचवी बाबांची. मी भट्टीपाशी असेन, मधे कोणीही नसेल. मधला थर होऊन मी थकले गं. काच फुटली तर वाईट वाटेल, पण ती पुन्हा ओतता येते. तू ये.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायचं काम बाबांकडे दिलं आहे. ते दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत हे तुला माहीत आहेच. म्हणून पत्राची घडी न घालताच दिलं, आणि खाली चार बोटं जागा सोडली. कोरीच आली तर औषधाच्या वेळा लिहायला घे.

४४० आणि ४१० ची सरासरी ४२५. हेच शिकवलंस का पोरीला? रविवारी नऊला मी घ्यायला येतो, जिना सांभाळून उतर. येताना गोटी आण. फळी सरळ केली आहे.
दादा