ध्रुवापुढचा ऊस

जानेवारी १९७४, शनिवार. उंब्रज.

परवाच्या फोटोतही ताऱ्यांच्या रेघोट्याच. दुर्बिणीच्या स्टँडचे सगळे स्क्रू आवळले, तरी तेच. चुकतंय कुठं? तारे ध्रुवाभोवती फिरतात, म्हणून स्टँडचा आस ध्रुवाकडं रोखावा लागतो, आणि आपल्याकडं ध्रुव इतका खाली की घरामागच्या उसानं तो झाकलेला. मी आपला अंदाजानंच रोखत होतो.

आज ऊस तुटला. अंधार पडताच बांधावर ध्रुव दिसला. माझा अंदाज चांगला चार बोटं चुकलेला. आस सरळ केला, ताऱ्यामागं दुर्बीण फिरवायची दांडी हळूहळू फिरवत राहिलो, तर तारा भिंगात जागचा हलेना. लगेच फोटो काढले. रोल उद्याच कराडला धुवायला टाकतो.

कंदील घरातच ठेवून ही आली. बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. मग म्हणाली, "आवं, हितं पुन्हा ऊस नको. भुईमूग लावू."